लुडिविनाचा रुसवा

रुसून चौथा दिवस उजाडला तरी लुडिविनाला मनवायला कुणी आलं नव्हतं.

सकाळपासनं ती तट्ट्यांपाशी उभी राहून मासळी उलटत होती. पोटातनं चिरलेली, मीठ चोळलेली मासळी बांबूच्या तट्ट्यांवर पसरायची आणि ऊन वर आलं की एकेक उचलून पालथी घालायची. चाळीस वर्षं हेच केलेलं, त्यामुळं हातांना डोळ्यांची गरज उरली नव्हती. डोळे मोकळे होते आणि ते सारखे समोरच्या निळ्या दाराकडं पळत होते. ते लेकाचं घर. मधे चाळीस पावलं, एक शेवग्याचं झाड आणि डुकराचं खोपटं. त्या नादात तिनं एक ओळ उलटली आणि परत तीच ओळ उलटली. मासळी होती तशीच झाली.

शेजारच्या तट्ट्याशी क्रेसिंग होती. क्रेसेन्सिया तिचं नाव, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला आमच्या तालिंगान गावात कुणाला सवड नाही. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या किनाऱ्यावर आल्या, तवापासून एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसते.

"लुडे, त्या मासळीला घेरी येईल," क्रेसिंग म्हणाली.

लुडिविनानं तीच ओळ तिसऱ्यांदा उलटायला घेतली. रुसलेलं माणूस बोलत नसतं.

आमच्याकडं रुसव्याची रीत ठरलेली आहे. रुसलोय असं तोंडानं सांगायचं नाही. सांगितलं की ते भांडण झालं. गप्प व्हायचं, जाणंयेणं तोडायचं, पण बसायचं अशा जागी की ज्याच्यावर रुसलो त्याच्या नजरेत आलं पाहिजे. मग त्यानं यायचं. पहिल्या खेपेला त्याच्याकडं पाठ करायची. दुसऱ्या खेपेला तो काहीतरी खायला घेऊन येतो, ते बाजूला सारायचं. तिसऱ्या खेपेला तो अंगाला खेटून बसतो, दंडाला चिमटा काढतो, काहीतरी वेडंवाकडं बोलून हसवतो, की रुसवा उतरला. चुकलं असं कुणाला म्हणावं लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचा विषयही निघत नाही. अख्खा किनारा या रीतीवर नांदतोय.

लुडिविनाचा नवरा आम्ब्रोसिओ या कामात वस्ताद होता. भाजलेलं माकूल केळीच्या पानात घेऊन यायचा आणि तिच्या नाकाखालनं नुसतं फिरवायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. सख्ख्या बहिणीवर ती एकदा अकरा दिवस रुसली होती, तेही गावाला अजून आठवतं. अकराव्या दिवशी बहीण काखोटीला कोंबडा मारून आली होती. थोडक्यात, लुडिविनाचा रुसवा हा काही कुणाही ऐऱ्यागैऱ्याचा रुसवा नव्हता. त्याला मान होता.

पण या खेपेला ती रुसली होती सुनेवर, आणि सून होती जॉर्जियाची.

लेकाचं नाव एलिसेओ. चौतीस वर्षांचा घोडा झाला, जहाजाच्या इंजिनात तेलानं माखून काम करतो, तरी आईला तो तोतोच. त्यानं ही बायको जहाजावरच गाठली. ती तिथं धुलाईत होती, चादरी इस्त्री करायची. केतेवान. कॉकेशसच्या डोंगरातली, उंच, खांद्यानं रुंद, भुवया अशा जाड की गावातल्या बायका आधी घाबरल्या. गावानं तिचं केती केलं. पोरगी आमची भाषा वहीत लिहून लिहून शिकली. त्यामुळं बोलते ते एकदम छापील, धुऊन इस्त्री करून घडी घातल्यासारखं. लग्नाला दोन वर्षं झाली. नात झाली, तिचं नाव तिनं ठेवलं सालोमे. बाप्तिस्म्याच्या वेळी लुडिविना पाद्रीबाबांकडं तीनदा जाऊन आली. नाचून संताचं मुंडकं मागणाऱ्या बाईचं नाव पोरीला ठेवतात होय? पाद्रीबाबा म्हणाले, दुसरीही एक सालोमे होती, चांगली होती. तेवढ्यावर भागवलं.

तोतो नऊ महिने समुद्रावर असतो. तेवढे दिवस ते घर सांभाळायचं कुणी? लुडिविनानं. निदान तिची समजूत तशी होती. पहाटे पाचला ती मागच्या चुलीकडनं आत शिरायची. फ्रिज उघडून आत काय आहे ते बघायची, नको ते काढून डुकराला घालायची. केतीनं रात्री फुगायला ठेवलेलं पीठ तिनं दोनदा नासलं म्हणून टाकलं. सुनेचे आतले कपडे धुऊन दाराशी दोरीवर घालायची, आणि दुपारी पंख्याखाली त्यांच्याच पलंगावर नातीला पोटाशी घेऊन ताणून द्यायची. केती अंघोळीहून आली की पलंगावर सासू घोरत असायची. केती भिंतीला टेकून केस पुसत उभी राहायची. लुडिविनाला वाटायचं, काय गुणाची पोरगी, आपली झोप मोडत नाही.

मग तो तापाचा दिवस आला.

मासळी घ्यायला येणारी एक व्यापारीण आहे, सोलेदाद. तिनं नातीला बघितलं आणि म्हणाली, काय गोरी बाहुली आहे. म्हणाली आणि गेली. संध्याकाळी पोर तापली, किरकिर करायला लागली. यात न कळण्यासारखं काय आहे? बाहेरच्या बाईची दृष्ट लागली. त्याला उतारा एकच, ज्याची लागली त्याचीच थुंकी बाळाच्या पोटाला लावायची. लुडिविना तशीच उठली, तीनचाकीत बसून बाजारपेठेत गेली, सोलेदादला जेवणावरनं उठवून आणली. मागच्या दारानं आत घेतली, खोलीत नेली. सोलेदादनं अंगठ्याला थुंकी लावली, पोरीच्या बेंबीभोवती फिरवली, आणि तेवढ्यात केती औषधाची बाटली घेऊन दारात आली.

तिनं बघितलं ते असं. आपल्या निजायच्या खोलीत अनोळखी बाई, अंगाला मासळीचा वास, आणि तिचा ओला अंगठा आपल्या तापलेल्या लेकराच्या पोटावर.

केती ओरडली नाही. तिनं लेकरू उचललं आणि पुसलं. सोलेदादला म्हणाली, तुम्ही घरी जा. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. लुडिविना म्हणते थुंकीनं, केती म्हणते बाटलीनं.

त्याच संध्याकाळी केतीनं सासूला टेबलाशी बसवलं, कॉफी दिली आणि समोर बसली. आमच्यात असलं काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाला सांगतात. तो चौथ्याला सांगतो, आणि ज्याचं त्याला बरोबर दोन दिवसांनी मऊ होऊन पोचतं. ही बया सासूला आमच्या रीतीनं नानाय, म्हणजे आई, म्हणते खरी, पण थेट डोळ्यांत बघून बोलली.

"नानाय, मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्ही रोज या, मला आवडेल. पण आत येण्याआधी हाक मारा. आमच्या निजायच्या खोलीत बोलावल्याशिवाय जाऊ नका. आणि मला विचारल्याशिवाय कुणालाही सालोमेजवळ आणू नका."

लुडिविनानं कॉफी एका घोटात संपवली. मग म्हणाली, बरं. आणि उठून गेली.

तीनही गोष्टी तिला झोंबल्या, पण पहिली आरपार गेली. हाक मारायची. परकं माणूस कुणाच्या दारी आलं की पायऱ्यांखाली थांबून "आयो" म्हणून हाक घालतं. टपालवाला घालतो, मत मागणारे घालतात, देवळाच्या वर्गणीवाले घालतात. लुडिविनानं स्वतः वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन दारोदार तीच हाक घातली होती, सुकी मासळी विकताना. तोतो त्याच मासळीवर शिकला. आणि आता त्याच तोतोच्या दारात आयो म्हणायचं? म्हणजे आपण कोण? मासळीवाली.

तिथनं रुसवा सुरू झाला. तिनं आपलं स्टूल हलवून शेवग्याच्या झाडाच्या अलीकडं ठेवलं, निळ्या दारातनं नीट दिसेल असं. आणि बसली.

पहिल्या दिवशी केतीनं दारातनं हात हलवला. दुसऱ्या दिवशी हात हलवला आणि हसली. तिसऱ्या दिवशी नातीचा हात धरून तोही हलवला. हे लुडिविनानं जन्मात बघितलं नव्हतं. रुसलेल्या माणसाला बघून लोक मान खाली घालतात, रस्ता बदलतात, निदान चेहरा तरी पाडतात. ही दिवसेंदिवस खुलत चालली होती. तोंडावर तेज काय, गाणं काय गुणगुणत होती त्यांच्या भाषेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी क्रेसिंग एक ताट घेऊन आली. वर फडकं, खाली चीज भरलेली जाड, गरम भाकर, केतीच्या हातची. लुडिविनानं फडकं उचलून बघितलं. आलं एकदाचं. खायला आलं म्हणजे दुसरी खेप, पहिली कधी झाली ते कळलं नाही एवढंच. तिनं ताट बाजूला सारलं, रीतीप्रमाणं, आणि विचारलं की काय म्हणाली.

क्रेसिंग जरा घुटमळली. मग म्हणाली, "म्हनली, नानायला सांगा, लई आभार. मी बोलले ते त्यांनी लगीच मनावर घेतलं. असं मानूस मिळत न्हाई म्हनली."

लुडिविना उठली. ताट घेतलं, खोपटाशी गेली आणि भाकर डुकरापुढं टाकली. डुकरानं ती अशी खाल्ली की तिला आणखीनच राग आला. मग दिवसभर वाटत राहिलं, एक तुकडा चाखून तरी बघायला हवा होता.

आता क्रेसिंगनं मधे पडायचं ठरवलं. मधे पडायची तिची हातोटी आहे, गावातली निम्मी लग्नं तिनं तारली आहेत. ती केतीकडं जाऊन बसली आणि वळणावळणानं म्हणाली, लुडिविनाला घास जात नाही, झोप लागत नाही, नुसती झाडाखाली बसून असते. शहाण्याला एवढं पुरे. केतीनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, ताप आहे का?

सहाव्या दिवशी लुडिविना आपल्या खोपीत पडली होती. बांबूच्या फटीतनं तिला पायऱ्या दिसत होत्या. पावलं वाजली. मोठी पावलं, रबरी बूट, गावात एवढे मोठे पाय एकीचेच. लुडिविना चटकन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, पदरासारखं फडकं डोक्यावरनं घेतलं आणि श्वास रोखला. आता ती वर येईल, शेजारी बसेल, दंडाला हात लावेल. दंड तिनं मुद्दाम फडक्याबाहेर ठेवला.

"आयो," केती खालनं म्हणाली. "नानाय, मी आत येऊ का?"

आता काय करावं? रुसलेल्या माणसानं ये म्हणायचं नसतं. ये म्हटलं की रुसवा पाण्यात. मनवणाऱ्यानं न विचारता घुसायचं असतं, तीच तर मनवणी. लुडिविना गप्प पडून राहिली. फक्त दंड जरा हलवला.

केतीनं परत विचारलं, जरा मोठ्यानं. मग वाट बघितली. फटीतनं ते मोठे बूट एका पायरीवर चढले, थांबले आणि परत खाली उतरले. आपणच घातलेला नियम ती कसा मोडणार? काहीतरी पायरीवर ठेवलं गेलं. पावलं लांब गेली.

लुडिविना धडपडत उठून दाराशी आली. पायरीवर तापाच्या गोळ्यांचं पाकीट, काचेची तापनळी आणि वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की जेवल्यावर एक. तिनं ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केलं. नळी तोंडात घालून बघितली. ताप नव्हता.

सातव्या दिवशी रविवार. तोतोचा फोन आला, तो तेव्हा कुठल्याशा बंदरात होता. आई, तू लई समजूतदार निघालीस, त्यानं सुरुवातच अशी केली. मग जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मागच्या महिन्यात केतीनं इलोइलो शहरात एक खोली बघून ठेवली होती. बॅग भरली होती, तिची आणि पोरीची. तिच्या आईनं तिकडं जॉर्जियात कुतैसीला सासूच्या चुलीपुढं तीस वर्षं काढली, घरात आपली म्हणून एक कडी नव्हती. केतीनं तवाच ठरवलं होतं की आपण असं राहायचं नाही. जायच्या आधी एकदा तुझ्याशी सरळ बोलून बघते म्हणाली. बोलली, आणि तू ऐकलंस. परवा तिनं बॅग रिकामी केली, आई. आता राहते म्हणाली.

मी ऐकलं नाही रे, मी रुसलीय, असं लुडिविनाच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासनं तिच्या जिवाला कुठं टेकायलाच जागा उरली नाही. रुसवा चालू ठेवला तर नात तिथंच राहते, पण चाळीस पावलांपलीकडं, हात हलवण्यापुरती. रुसलेय म्हणून सांगितलं आणि त्यातनं बोलाबोली झाली, तर बॅग परत भरायला वेळ लागत नाही. आणि आपण होऊन गेलं तर आयो म्हणावं लागतं. स्टुलावर बसवेना. तिनं ते झाडाच्या पलीकडं नेलं, परत अलीकडं आणलं. भात दोनदा करपवला. मीठ घातलेल्या मासळीला परत मीठ घातलं. क्रेसिंग म्हणाली, अगं, हे खाऊन व्यापारी मरतील.

नवव्या दिवशी सकाळी केतीनं निळं दार उघडं टाकलं होतं. उंबऱ्यात सालोमे चौकट धरून उभी होती. अकरा महिन्यांची पोर, पाय आत वळलेले, पोट पुढं. केती आतल्या बाजूला गुडघ्यांवर बसून हात पसरत होती. पोरीनं एक हात सोडला.

लुडिविनाला कळलंच नाही आपण कधी निघालो. हातात एक ओली मासळी तशीच, आणि ती धावत होती. शेवग्याच्या झाडापाशी भान आलं. वीस पावलं झाली होती, वीस राहिली होती. तिथंच पाय रुतल्यासारखी उभी राहिली. पोरगी डुलली, बदकन खाली बसली आणि चौकट चाटायला लागली. केतीनं वर बघितलं आणि हात हलवला. लुडिविना वळली आणि आपण त्याच कामाला निघालो होतो असं दाखवत ती चांगली मासळी तिनं डुकरापुढं टाकली. डुकराचे ते दिवस भलतेच चांगले गेले.

"किती दिस बसनार?" क्रेसिंगनं विचारलं. "पोरगी चालाय लागंल, लगीन करून जाईल."

"मला काय हुतंय बसाय," लुडिविना म्हणाली. पण म्हणताना ती उभीच होती.

दहाव्या दिवशी सकाळी तिनं फळीवरनं जुनी टोपली काढली. आठ वर्षं ती तिथं पालथी पडली होती, आत कोळ्यांनी संसार मांडला होता. झटकली. केळीचं पान अंथरलं, वर निवडक मासळी रचली. फडक्याची चुंबळ केली, टोपली डोक्यावर घेतली. मान आपोआप ताठ झाली. क्रेसिंग हातातलं काम टाकून बघत राहिली. लुडिविना तिच्याकडं न बघता निघाली. शेवगा मागं पडला, खोपटं मागं पडलं. पायऱ्यांखाली आल्यावर छाती अशी धडधडली की टोपलीतली मासळी हलते की काय असं तिला वाटलं. एकदा वाटलं, फिरावं. मग तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला तो वीस वर्षं मुरलेला, विकणारीचा.

"आयो. सुकी मासळी."

दार उघडलं. केतीचे हात पिठानं भरलेले. मागं जमिनीवर सालोमे लाटणं चोखत बसलेली.

"नानाय?" केतीनं टोपलीकडं बघितलं. "मला मासळी हवी आहे असं मी म्हणाले नव्हते."

"नगं असंल तर नगं घेऊ. इकनारी हाक मारतीच."

"पैसे आणू का?"

"आन की. मोजून दे सासूला."

केती थांबली. ती काही दगड नव्हती. तिच्या जाड भुवया जवळ आल्या. "तुम्ही रागावल्या आहात," ती म्हणाली.

"रागावल्याली न्हाई. रुसलीया."

झालं. तोंडातनं गेलं. आपला रुसवा आपल्याच तोंडानं सांगणं म्हणजे भर बाजारात लुगडं सोडण्यातला प्रकार. लुडिविनाचे कान तापले. टोपली डोक्यावर होती म्हणून मान खाली घालता येईना.

"कधीपासून?"

"दहा दिस."

"पण मी तर खूप आनंदात होते. मला वाटलं तुम्हाला पटलं."

"दिसत हुता आनंद. रोज हात हलवत हुतीस."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, नानाय."

"सांगितल्यावर त्यो रुसवा कसला? तूच यायला पायजे हुतंस."

"मी आले होते. गोळ्या घेऊन. हाक मारली, दोनदा विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाही."

"रुसल्यालं मानूस ये म्हनत न्हाई. सरळ घुसायचं असतंय."

केतीनं पिठाच्या हातानं कपाळ खाजवलं. तिथं पांढरा पट्टा उमटला. ती हिशेब जुळवत असल्यासारखी हळूहळू बोलली. "म्हणजे तुमच्या घरी मी न विचारता यायचं. आणि माझ्या घरी तुम्ही विचारून यायचं."

लुडिविनानं हे असं कधी मांडून बघितलं नव्हतं. तिकडं तट्ट्यांपाशी क्रेसिंगचं मासळी उलटणं केव्हाच थांबलं होतं.

"तसंच म्हन," लुडिविना म्हणाली.

"माझ्या तीन गोष्टी बदलणार नाहीत," केती म्हणाली. आवाज मऊ होता, पण शब्द हलले नाहीत. "तुम्ही रुसलात तरी."

"म्या कुटं म्हनलं बदल? आली न्हवं हाक मारून?"

"मग आता मी काय करू, ते मला सांगा."

"तीनदा बोलवायचं. दोनदा मी न्हाई म्हननार."

केतीनं मान हलवली, वहीत लिहून घ्यावं तशी. "आत या," ती म्हणाली.

"नगं."

"आत या."

"हितंच बरं हाय मला."

इथं केती अडली. तिसऱ्या खेपेला काय ते तिला माहीत नव्हतं, आणि लुडिविना मेली तरी सांगणार नव्हती. मग केतीची नजर लांब तट्ट्यांकडं गेली. क्रेसिंग तिथं स्वतःच्या दंडाला चिमटे काढून दाखवत होती, दोन्ही दंडांना, नाटकातल्यासारखी. केती पायऱ्या उतरून खाली आली आणि तिनं सासूच्या दंडाला चिमटा काढला. ओल्या चादरी पिळलेला हात तो. लुडिविना कळवळली, टोपली कलली, दोन मासळ्या मातीत पडल्या आणि तिच्या तोंडून अशी शिवी गेली की केतीला वहीत मिळाली नसती. मग दोघी हसल्या. लुडिविना आधी हसली की केती, यावर क्रेसिंगचं आणि लुडिविनाचं अजून एकमत नाही. दंड आठवडाभर काळानिळा होता आणि तो तिनं गावभर दाखवला.

आत गेल्यावर सालोमे आजीकडं बघून रडली. दहा दिवसांत विसरली की वासानं बिचकली कुणास ठाऊक. केती म्हणाली, हात धुता का? लुडिविनानं धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, दात आवळून. मग पोर घेतली. पोर त्या दिवशी चालली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चालली ती पुढच्या आठवड्यात, दोघींच्या पाठीमागं, कुणाचं लक्ष नसताना.

सोलेदाद परत आली तेव्हा नातीला बघून म्हणालीच, बाहुली आहे बाहुली. लुडिविनाचा जीव खालीवर झाला. ती केतीला विचारायला गेली. केती म्हणाली, नाही. लुडिविना बरं म्हणाली आणि बाहेर आली. मागच्या दोरीवर पोरीचं झबलं वाळत होतं. तिनं सोलेदादला तिथं नेलं आणि झबल्याच्या पोटाला थुंकी लावायला लावली. झबल्यासाठी विचारायचं ठरलेलं नव्हतं.

तवापासनं ती रोज त्या पायऱ्यांखाली उभी असते. पण टोपलीशिवाय येत नाही. तट्टे रिकामे असले, मासळी नसली, तरी फडक्याची चुंबळ, वर टोपली, मान ताठ. घरचं माणूस हाक मारत नाही, विकणारीनं मारली तर चालते. क्रेसिंगनं एकदा टाचा उंचावून आत डोकावून बघितलं. टोपलीत केळीचं पान होतं, दुसरं काही नाही. ही एक गोष्ट तिनं गावात कुणाला सांगितली नाही, म्हणजे फारशी नाही.

हाक मारली की दार उघडेपर्यंत थोडा वेळ जातो. केती कधी पिठात असते, कधी पोरीला न्हाऊ घालत असते. तेवढ्या वेळात लुडिविना एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, कान आत लावते, पायरीवरचं गवत अंगठ्यानं उपटते. त्या पायरीशी आता गवत उरत नाही. आतनं "या, नानाय" असं येतं. तोवर तिचा हात टोपलीच्या काठाला गच्च असतो.